पडका तट आणि पाडलेला तट : कोल्हापुरातील दिवाळीच्या किल्ल्यासंबंधी काही विचार

१

आश्विन महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातील घरांच्या अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि गल्लीबोळांच्या कोपऱ्यांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर भिजवलेले गोणपाट पांघरावे, चिखलाने ते लिंपून त्यास डोंगराचा आकार द्यावा, माथ्यावर तट-बुरूज उठवावेत, उतारावर मोहरी अथवा अळीव पेरावा आणि सर्वांत उंच जागी सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपतींची मूर्ती ठेवावी, असा या रचनेचा सर्वसाधारण क्रम आहे. हा प्रकार बहुधा बालक्रीडेच्या सदरात टाकला जातो. तो क्रीडाप्रकार आहे यात संशय नाही. परंतु युद्धाशी संबंधित वास्तूची लहान आकाराची प्रतिकृती हातांनी घडविणे, तीवर सैन्य मांडणे, आणि ती नवी असूनही जुनी दिसावी म्हणून तिच्यावर संस्कार करणे, या तिन्ही गोष्टी तीत एकत्र येत असल्यामुळे इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकालाही तीत पाहण्याजोगे बरेच काही आहे.

या तीन गोष्टींपैकी तिसरी विशेष विचारार्ह होय. प्रतिकृती जुनी दाखवावयाची म्हणजे तिच्यावर काळाचा परिणाम दाखवावयाचा. तट कोठे खचलेला, बुरूज कोठे ढासळलेला, दगड कोठे काळवंडलेला, हे ठरविताना तो किल्ला कशामुळे जीर्ण झाला यासंबंधी काही एक मत कर्त्याने नकळत स्वीकारलेले असते. हे मत नेहमी खरे असते काय, आणि ते घडविण्यात मराठी भाषेचा काही वाटा आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. उदाहरणासाठी कोल्हापूर व त्याच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर असलेला पन्हाळगड ही स्थळे घेतली आहेत.

२

युद्धविषयक प्रतिकृतींचा इतिहास इतरत्रही मोठा आहे आणि तुलनेसाठी त्याचे थोडे दिग्दर्शन करणे अवश्य आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लुव्वा याने इ.स. १६६८ मध्ये तटबंद नगरांच्या व दुर्गांच्या प्रतिकृती तयार करविण्यास प्रारंभ केला. तिकडे व्होबाँ नवे दुर्ग बांधीत होता. इकडे सह्याद्रीत शिवाजी महाराजांचे दुर्गकार्य त्याच काळात चालू होते. लाकूड, कागद, रेशीम व वाळू यांच्या साहाय्याने केलेल्या या फ्रेंच प्रतिकृती साधारणतः १:६०० या प्रमाणाच्या असत. राजाने व सेनापतींनी वेढ्याचा विचार दूर राजधानीत बसून करावा, हा त्यांचा हेतू. शत्रूच्या हाती त्या पडू नयेत म्हणून त्या राजगुपिताप्रमाणे जपल्या जात. त्यांपैकी पुष्कळ आज पॅरिसमधील अँव्हालिद येथील संग्रहालयात आहेत.

पुढे प्रशियात फॉन राइस्विट्झ या पितापुत्रांनी युद्धखेळास शास्त्राचे रूप दिले. पित्याने इ.स. १८१२ मध्ये आपला खेळ राजापुढे मांडला व पुत्राने इ.स. १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याचे ठोकळे, फाशांनी ठरणारी हानी आणि निकाल देणारा पंच, अशी त्याची रचना होती. इ.स. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स याने खेळण्यातील शिपायांनी जमिनीवर खेळावयाच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले आणि हा खेळ लष्करी कचेरीतून घरात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडा तयार करण्याचा छंद जगभर पसरला. त्यातील १:३५ हे प्रसिद्ध प्रमाण कोणत्याही गणिती विचारातून निघालेले नाही. जपानमधील तामिया या कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत काढलेल्या एका जर्मन रणगाड्याच्या पोटात विजेऱ्या व चक्र फिरविणारे यंत्र बसावे, एवढ्यासाठी जो आकार ठरला त्यावरून ते प्रमाण रूढ झाले.

या छंदात जोडणीइतकेच महत्त्व अंतिम संस्कारास असते. रंग दिलेला रणगाडा तसाच ठेवला तर तो खेळणे दिसतो. म्हणून पातळ काळसर रंग खाचांतून वाहू देतात, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट छटा ओढतात, कडांवरील रंग उडाल्याचे दाखवितात, गंज व तेलाचे ओघळ काढतात आणि पट्ट्यांत चिखल भरतात. कसलेला कारागीर हे सर्व सरसकट करीत नाही. वाळवंटात लढलेल्या गाड्यावर धूळ व घासलेला रंग असावा, रशियाच्या वसंतातील गाड्यावर ओला चिखल असावा, आणि जेथे शिपायाचा पाय पडतो तेथेच रंग झिजलेला असावा, असे तो पाहतो. म्हणजे प्रत्येक डागाला कारण असावे लागते. हा दंडक पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३

कोल्हापुरातील मातीचा किल्ला प्रमाणाच्या बाबतीत या सर्वांहून निराळा आहे. पन्हाळ्याच्या तटाचा घेर सुमारे ७ किलोमीटर आहे. फ्रेंच प्रतिकृतींच्या १:६०० या प्रमाणाने तो साडेअकरा मीटरांच्या आसपास, म्हणजे मोठ्या अंगणात मावेल असा होईल. पण त्या प्रमाणात मावळा तिळाएवढा होईल. उलट बाजारातील चार इंची मावळा प्रमाण मानला, तर पन्हाळ्याचा तट सव्वाचारशे मीटर लांब घालावा लागेल. अर्थात दोहोंचा मेळ बसणे अशक्य आहे, आणि मुलेही तो बसविण्याच्या भरीस पडत नाहीत. मावळा दरवाजाएवढा असतो, वाघ बुरुजाएवढा असतो आणि महाराज सर्वांहून मोठे असतात. येथे माप लांबीरुंदीचे नसून महत्त्वाचे आहे. जुन्या भित्तिचित्रांत व लघुचित्रांत राजा इतरांहून मोठा काढीत, तीच ही पद्धत होय.

तथापि मापाचा आग्रह नसला तरी रचनेचा आग्रह आहे. डोंगर आधी, मग वाट, मग तट, मग दरवाजा, आणि या सर्वांच्या आधी पाण्याच्या टाक्याची जागा राखून ठेवणे, हा क्रम सहसा चुकत नाही. कारण सोपे आहे. टाक्यासाठी वाटी आधी पुरली नाही तर नंतर ओली माती उकरावी लागते व माथा खचतो. या क्रमाची आठवण करून देणारा एक ग्रंथ कोल्हापूरच्याच राज्याशी निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र हे करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, इ.स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यातील दुर्गप्रकरणात गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे असे सांगितले आहे. गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. गडाजवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने उतरवावा आणि ते न साधल्यास तोही बांधून बळकट करावा, असाही दंडक आहे. पन्हाळ्याच्या पूर्वेस लगत उभा असलेला पावनगड हे या शेवटच्या नियमाचे मूर्तिमंत उदाहरण होय. इ.स. १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याचा अनुभव घेतल्यावर आणि इ.स. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने पन्हाळा पुन्हा घेतल्यावर तो डोंगर तटबंदीखाली आला.

मुले आज्ञापत्र वाचून किल्ला करीत नाहीत हे उघड आहे. परंतु डोंगर, पाणी, वाट आणि वैरी या चार गोष्टींचा विचार करून जो कोणी गड रचील त्यास त्याच अडचणी येतील आणि तीच उत्तरे सुचतील. या अर्थी मातीचा किल्ला हा दुर्गविद्येचा प्राथमिक पाठ आहे.

या पाठाची परिभाषाही लक्षणीय आहे. तट व शिखर हे शब्द संस्कृतातून आलेले. गड, माची, पायथा हे देशी वळणाचे. किल्ला, बुरूज व खंदक हे अरबी परंपरेतून, दरवाजा हा फारसीतून आणि तोफ हा तुर्कीतून आलेला. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्या कोशाचा हेतू आहे. राजकीय लेखनावर त्याचा जो परिणाम व्हावयाचा तो झाला; पण अंगणातील मातीत मात्र बुरुजाचा बुरूजच राहिला. शब्द वस्तूबरोबर हातांतून हातांत जात असला की कोशाची आज्ञा त्यास सहसा लागू होत नाही.

४

या किल्ल्यावरील सैन्यात एक विसंगती नेहमी दिसते व जाणती माणसे तीस हसतात. पायथ्याच्या रस्त्यावर मावळ्यांच्या शेजारी हिरव्या गणवेशाचे बंदूकधारी जवान, जीपगाडी आणि रणगाडा उभा असतो. कालविपर्यास म्हणून तिची गणना करणे सोपे आहे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यात तिचा निराळा अर्थ लागतो. येथील असंख्य घरांतील पुरुष पलटणीत गेलेले आहेत. शिरोळ तालुक्यातील एक गाव तर सैनिकी परंपरेमुळे सैनिक टाकळी याच नावाने ओळखले जाते. अशा घरातील मुलाच्या दृष्टीने मावळा व जवान ही एकाच वंशावळीतील दोन नावे आहेत. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे आणि १९९४ मध्ये तेथे रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. त्यामुळे खरा रणगाडा डोळ्यांनी पाहणे ही महाराष्ट्रातील मुलास अशक्य गोष्ट राहिलेली नाही.

भाषेच्या अंगाने पाहता रणगाडा किल्ल्यावर अगदीच परका नाही. रणगाडा हा शब्द रण व गाडा या दोन परिचित पदांचा समास असून तो वस्तूचे वर्णन करतो. इंग्रजी टँक हा शब्द मात्र वस्तू लपविण्यासाठी योजलेला होता. सोम नदीच्या रणक्षेत्रावर १५ सप्टेंबर १९१६ रोजी हे यंत्र प्रथम लढाईत उतरले. त्यापूर्वी त्याची बांधणी गुप्त राहावी म्हणून ती पाणी साठविण्याची टाकी आहे असे भासविण्यात आले आणि तेच नाव त्यास चिकटले. पाण्याच्या टाकीसाठी असलेल्या या इंग्रजी शब्दाचे मूळ सांगताना कोशकारांनी एकीकडे पोर्तुगीज शब्दाकडे आणि दुसरीकडे गुजराती व मराठी टांके या शब्दाकडे बोट दाखविले आहे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत हे दोन्ही प्रवाह मिसळले असावेत. तसे असेल तर गडाच्या माथ्यावर पुरलेली पाण्याची वाटी आणि पायथ्याशी ठेवलेला प्लॅस्टिकचा रणगाडा हे नावापुरते तरी एकमेकांचे आप्त ठरतात.

५

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे किल्ल्यास जुनेपणा आणण्याच्या क्रियेकडे वळावयाचे आहे. नुसत्या चिखलाचा किल्ला वाळताना तडकतो, म्हणून मातीत शेण व भुसा मिसळतात. हा पहिला हात वाळला की वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर देतात. कातळ दाखवावयाचा तेथे कोळशाची पूड किंवा काजळी, जांभा दाखवावयाचा तेथे गेरू व विटेचा चुरा, आणि तटाच्या चिऱ्यांमधील सांधे दाखवावयाचे तेथे काडीने ओढलेल्या रेषांत चुन्याचे पाणी, असा सामान्य प्रघात आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे जुन्या भिंतींवर शेवाळ विपुल असते. ते सुरीने अखंड सोलून आणून तटावर चिकटवितात. मूर्तींसाठी शाहूपुरीची कुंभार गल्ली, पापाची तिकटी व बापट कँप येथील कुंभारांकडे जावे लागते. पूर्वी मातीची असलेली ही चित्रे पुढे बहुतांशी प्लॅस्टरची झाली. तथापि ती रंगविण्याचे काम अद्याप हातानेच होते.

नव्या वस्तूस जुने रूप देण्याची कला कोल्हापुरास नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सिंहगड’ (१९२३) यांसारखे बोलपट-पूर्व काळातील चित्रपट काढले आणि रंगविलेल्या पडद्यांऐवजी प्रत्यक्ष उभारलेल्या त्रिमिती देखाव्यांचा अवलंब केला. चित्रकार, शिल्पकार, सुतार व कुंभार यांचा जो मेळ त्यामुळे या नगरात जमला, त्याचा वारसा गणेशोत्सवातील देखाव्यांत जसा दिसतो तसा गल्लीतील मोठ्या किल्ल्यांतही दिसतो.

या संस्कारात निरीक्षण किती असते हे पाहण्यासाठी खऱ्या तटाकडे पाहिले पाहिजे. पन्हाळ्याच्या डोंगराचा माथा जांभ्याचा आहे व खाली काळा पाषाण आहे. जांभा पावसाने सच्छिद्र होतो, त्याच्या कडा गोलावतात आणि तो गडद तपकिरी पडतो. काळा दगड त्या मानाने आपली कड राखतो, परंतु त्यावर दगडफुलाचे करडे-पांढरे ठिपके उमटतात. सह्याद्रीतील पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून झोडपतो, यास्तव त्या अंगाच्या तटावर शेवाळ दाट असते व पूर्वेकडील अंग तुलनेने कोरडे राहते. पाणी जेथून तटाबाहेर पडते त्या मोरीखाली काळा ओघळ असतो. चिऱ्यांच्या सांध्यात पिंपळ व उंबर रुजतात, त्यांची मुळे दगड हळूहळू अलग करतात आणि एखाद्या पावसाळ्यात तटाचा तेवढा भाग फुगून खाली सरकतो. हे सर्व जाणून ज्याने शेवाळ एकाच अंगास लावले, ओघळ मोरीखालीच काढला आणि खचलेल्या जागी एखादे रोप खोचले, त्याचे काम त्या रणगाडा घडविणाऱ्या कारागिराच्या तोडीचे म्हणावे लागेल. कारण त्याच्या प्रत्येक डागास कारण आहे.

६

परंतु पन्हाळ्याच्या पडझडीचे कारण केवळ पाऊस हे नाही. शिलाहार भोज दुसरा याच्या काळापासून ज्ञात असलेला हा दुर्ग आदिलशाहीत वाढला, शिवकाळात गाजला, ताराबाईंच्या काळात राज्याचे ठाणे झाला आणि इ.स. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलेपर्यंत राज्याचे केंद्र राहिला. एवढ्या दीर्घ काळात त्याची डागडुजी करणारी माणसे गडावरच राहत होती. गडकरी या नावाने ओळखला जाणारा हा वर्ग गडाच्या चाकरीच्या मोबदल्यात जमिनी उपभोगीत असे. कंपनी सरकारने कोल्हापूरच्या कारभारावर नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या व्यवस्थेत या जमिनींच्या वहिवाटीस धक्का लागला आणि इ.स. १८४४ मध्ये सामानगडावर उठाव झाला. तो भुदरगड, पन्हाळा, विशाळगड असा पसरला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यास उठाववाल्यांनी धरून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. अखेर १ डिसेंबर १८४४ रोजी कंपनीच्या फौजेने तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला व त्याच दिवशी पावनगडही पडला. त्यानंतर या गडांची संरक्षक बांधकामे निकामी करण्यात आली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यात गेला. आज त्या ठिकाणी अवशेष तेवढे आहेत. उलट पश्चिमेकडील तीन दरवाजा, अंबरखान्याची धान्यकोठारे, अंधार बाव व सज्जा कोठी ही उभी आहेत.

म्हणजे एकाच गडावर दोन प्रकारचे भग्नावशेष आहेत. एक पावसाने, मुळांनी व दुर्लक्षाने झालेले. दुसरे ठरवून केलेले. त्यांतही एक दुवा आहे. गडकऱ्यांची वतने मोडली म्हणजे डागडुजी करणारे हात गेले, आणि ते हात गेल्यावर पावसास मोकळे रान मिळाले. म्हणून पन्हाळ्यावरील जीर्णतेचाही काही भाग राजकीय आहे असे म्हणणे प्राप्त होते.

मराठी क्रियापदांची रचना येथे विचारात घेतली पाहिजे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे या जोड्यांत उच्चारातील लहानशा भेदाने अर्थभेद होतो. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते; दुसऱ्यात ती कोणीतरी घडवितो. हा भेद जुना आहे. संस्कृतातील पतति-पातयति, स्फुटति-स्फोटयति यांचे ते प्राकृतातून आलेले वारस होत. या जोड्यांमुळे ‘तट पडला’ आणि ‘तट पाडला’ यांतील अंतर मराठीत एका मात्रेचे आहे. पण त्या मात्रेत सर्व इतिहास साठविलेला आहे.

तथापि या क्रियापदांपासून विशेषणे बनताना एक चमत्कारिक गोष्ट घडते. पडका वाडा, तुटका खांब, फुटका हौद, फाटके निशाण, अशी विशेषणे विपुल आहेत. पण पाडका, तोडका, फोडका, फाडका अशी विशेषणे त्या अर्थाने रूढ नाहीत. वस्तूच्या भग्नतेचे वर्णन करण्यासाठी भाषा जे सुटसुटीत शब्द पुरविते, ते जवळजवळ सर्व अकर्तृक क्रियेपासून निघालेले आहेत. कर्त्याची आठवण ठेवावयाची तर ‘पाडलेला’ असे धातुसाधित योजावे लागते, आणि ते योजताच कोणी पाडला हा प्रश्न उभा राहतो. ‘पडका’ म्हटल्यावर तो प्रश्न उठत नाही. पडका तट जणू आपल्याच स्वभावाने तसा आहे. मातीच्या किल्ल्यावर शेवाळ लावून एक कोपरा खचविणारा मुलगा हे विशेषणच मातीत उतरवीत असतो. तो पडका तट करतो. पाडलेला तट त्याच्या हातून क्वचितच होतो.

७

पाडलेला तट दाखविता येतो काय, असा प्रश्न कोणी करील. तो येतो, त्यासाठी लक्षणे मात्र माहीत असावी लागतात. वेढ्यातील तोफा तटाच्या खालच्या भागावर मारा करतात, म्हणून वरचा भाग पुढे कोसळतो व राडारोड्याची घसरण तटाबाहेर तयार होते. तीच हल्ला करणाऱ्यांची वाट ठरते. सुरुंगाने उडविलेल्या ठिकाणी दगड दूरवर विखुरतात आणि मागे राहिलेल्या बांधकामाची कड तीक्ष्ण असते. पावसाने खचलेल्या तटाचे दगड मात्र पायथ्याशीच ढिगाने पडलेले असतात व मधून माती वाहिलेली असते. याहून मोठे लक्षण निवडीचे होय. पाऊस अशी निवड करीत नाही; माणूस दरवाजे, बुरूज आणि जंग्यांची फळी हेरून पाडतो. ज्या गडावर लांबच लांब तट शाबूत आहे आणि एखादा मोठा दरवाजाच तेवढा नाहीसा झाला आहे, तेथे पावसावर दोष ढकलण्यास आधार नाही.

अलीकडे किल्ल्यांच्या स्पर्धांत काल्पनिक किल्ल्याहून विशिष्ट गडाच्या हुबेहूब प्रतिकृतीस अधिक मान मिळू लागला आहे. नकाशे पाहून, गडावर जाऊन, दरवाजांची नावे लिहून मुले काम करतात ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण हुबेहूब म्हणजे केव्हाचा, हे ठरविल्यावाचून हुबेहूब या शब्दास अर्थ येत नाही. जुलै १६६० चा पन्हाळा करावयाचा तर चार दरवाजा पुरा बांधला पाहिजे, तटावर शेवाळाऐवजी पहारे पाहिजेत, आणि पायथ्याशी वेढ्याच्या छावण्या पाहिजेत. आजचा पन्हाळा करावयाचा तर अवशेष अवशेषासारखे दाखविले पाहिजेत. पुष्कळदा माथ्यावर महाराज व तटावर मावळे शिवकाळातील, आणि तट मात्र आजचा पडका, असे मिश्रण होते. रणगाड्याची विसंगती सर्वांना दिसते. ही विसंगती मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पडका तट हेच किल्ल्याचे नैसर्गिक रूप आहे अशी दृष्टी बनून गेली आहे. महाराज ज्या गडावर नांदत होते तो गड पडका नव्हता.

हा प्रश्न मुलांपुरता मर्यादित नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला व त्यांत पन्हाळा आहे. जतन करणाऱ्या तज्ज्ञांपुढेही हाच पेच असतो. पडलेले उभारावे की पडलेल्या स्थितीत राखावे, आणि जे पाडले गेले त्याची खूण ठेवावी की पुसावी? चार दरवाजाचे अवशेष हे स्थापत्याचे अवशेष आहेत, तसेच ते १८४४ चे कागदपत्रही आहेत. तेथे नवा दरवाजा उभा केला तर एक इतिहास दिसू लागेल व दुसरा दिसेनासा होईल. उलट अवशेषांवर नुसती हिरवळ वाढू दिली तर काळाने केले असे म्हणून प्रेक्षक पुढे जाईल. प्रतिकृतीत निदान ही सोय आहे की, दोन किल्ले शेजारी करता येतात, एक अखंड व एक भग्न, आणि त्यांच्यामधील अंतर एका पाटीवर लिहिता येते.

या भेदाचे शिक्षण मातीच्या किल्ल्यात अगोदरच दडलेले आहे हे शेवटी नमूद केले पाहिजे. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवण्याचा परिपाठ पुष्कळ घरी असतो. या अवधीत कधी अवकाळी पाऊस येतो. तेव्हा उतारावरील माती ओघळते, बुरुजाच्या कडा गोलावतात, तट आपल्याच पायाशी बसतो आणि अळिवाची मुळे जेथे असतात तेवढी माती तग धरते. पुढे किल्ला मोडण्याचा दिवस येतो, तेव्हा उरलेले सुतळी बाँब दरवाजात व बुरुजाखाली ठेवून तो उडविण्याची चाल मुलांत सर्वत्र आहे. मग माती अंगणभर विखुरते, बुरुजाच्या जागी काळवंडलेला खळगा राहतो आणि शेजारचा तट धारदार कडेने उभा राहतो. एकाच महिन्यात, एकाच मातीत, पडणे व पाडणे या दोन्ही क्रिया मुलांच्या डोळ्यांपुढे घडतात, आणि ओघळलेला बुरूज कोणता व उडविलेला कोणता हे त्यांतील कोणीही अचूक सांगू शकतो. हीच दृष्टी घेऊन ती मुले पन्हाळ्यावर चार दरवाजाच्या अवशेषांपाशी उभी राहिली, तर त्या ठिकाणी ‘पडका’ हे विशेषण त्यांच्या तोंडी येणार नाही.